चंचीतले तीन तुकडे

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी पेणची ती पानसुपारीची चंची डोळ्यांसमोरून जात नाही. तुम्ही नातवंडं अंग दुखलं की दुकानातून गोळी आणता, म्हणून हे लिहून ठेवते.

श्रावण होता. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारी एक म्हातारी सरकारी रुग्णालयात दगावली. आधी ताप, मग उलट्या, शेवटी डोळे पिवळे. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. तेवढ्यात निडी गावात दिलेली तिची मुलगी पोलीस ठाण्यात आली.

"बाईसाहेब, माझ्या भावजयीनंच मारलंन आईला. च्यातून काय तरी घातलंन. अटक करा तिला."

सासूसुनेचं पटत नव्हतं, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. सुनेला बोलावून, महिला शिपाई सोबत बसवून मी जबाब घेतला.

"सासूला काय दिलंस?"

"च्या दिला. आनि काय नाय."

"नक्की?"

ती पदर पिळत राहिली. रचून सांगणारा माणूस बहुधा फार बोलतो. ही घाबरून गप्प होत होती. आरोप टिकला असता तर तिचं घर आणि लहान मूल, दोन्ही सुटलं असतं.

शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले, "यकृत पार गेलंय. विष आहे का ते व्हिसेऱ्याच्या, म्हणजे काढून ठेवलेल्या अवयवांच्या, तपासणीत कळेल. पण बाई दुखण्याच्या गोळ्या खात होत्या का, ते आधी बघा."

घराचा पंचनामा केला. म्हातारीच्या पानाच्या चंचीत सुपारी आणि चुन्याच्या डबीखाली गोळ्यांच्या पाकिटांचे कात्रीने कापलेले तीन तुकडे निघाले. तिन्ही वेगळे, एकावरही नाव पुरतं नाही.

ते पाहताच सून रडू लागली. "ताप व्हता म्हनून वाण्याकडनं मीच गोळ्या आनल्या, त्यातली ही. तुमी विषाचं इचारत व्हतात, भ्याले."

दुसरा तुकडा कारखान्यातल्या बायकांनी ओळखला. "कंबर धरली का आमीच तिला एक द्यायचो नि परत मूर्तीम्होरं बसायचं. गणपती जवळ आले, थांबतंय कोन?"

तिसरा कुणालाच ओळखता येईना. मी तो घेऊन निडीला गेले. मुलगी बघून म्हणाली, "ही तर मीच दिल्ती, सर्दीवर. त्यात काय?"

तुकडे कुठले ते कळल्यावर त्यांची पूर्ण पाकिटं मिळवली, ती बघून डॉक्टरांनी उलगडा केला. तिन्हींत ताप-दुखण्याचं एकच औषध होतं, पॅरासिटामॉल; तिन्ही मिळून ते इतकं झालं की यकृताला झेपलं नाही. त्यात श्रावणातले उपास, पोटात अन्न नाही. पुढे व्हिसेऱ्याच्या अहवालातही दुसरं विष निघालं नाही.

दोघींना ठाण्यात बोलावून सांगितलं. मुलगी बाकावरून उठेना. "म्हंजे मीच गो?" ती भावजयीला विचारत होती.

सुनेने तिला हाताला धरून उठवलं. "चला वन्सं, घरी चला."

अटक करण्यासारखं कुणी नव्हतं. सुनेनं, मुलीनं, कारखान्यातल्या बायकांनी मायेनेच दिलं होतं आणि एकीलाही दुसरीचं ठाऊक नव्हतं. सही करून फाईल बंद केली.

पाकिटावरचं मोठं नाव वाचून थांबू नका, आत कुठलं औषध आहे ते वाचा. नावं वेगळी असली तरी औषध तेच असू शकतं. सुटे तुकडे घरात ठेवू नका. जास्त गोळ्या गेल्याची शंका आली, तर बरं वाटत असलं तरी लगेच डॉक्टर गाठा. आणि कुणाला गोळी देण्याआधी विचारा, "आधी काय घेतलंस?"

मी तो प्रश्न पंचनाम्यानंतर दारोदार विचारत फिरले. म्हातारी जिवंत असताना तो घरात कुणीतरी विचारायला हवा होता.