पांढऱ्या चवळीचं टरफल

पहिल्या ट्रेमधले दाणे सडले तेव्हा मला वाटलं, पाणी जास्त झालं असेल. दुसरा ट्रे लावला, तोही सडला. तिसऱ्याला मी स्वतः मापाने पाणी घातलं आणि आठव्या दिवशी माती उकरली. निम्म्याहून जास्त दाणे फुगून, फुटून बुळबुळीत झाले होते.

सिन्नरच्या एका बियाणे कंपनीत मी सीड टेस्टिंग लॅब सांभाळते. ही पांढरी चवळी आमच्या खैरनार सरांची. ते ब्रीडर, म्हणजे नवीन वाण तयार करणारे. मला काम त्यांनीच शिकवलं. गावठी लाल चवळीच्या प्लॉटमध्ये त्यांना एकदा पांढऱ्या दाण्यांचं झाड सापडलं. त्यातून वाण पक्का करण्यात त्यांची नऊ वर्षं गेली. लवकर शिजते, उसळीचा रस्सा काळा पडत नाही. मार्केटिंगवाले खूश होते.

ट्रे उचलून मी सरांकडे गेले. त्यांनी एक दाणा चिमटीत धरला. टरफल सहज सुटून आलं.

"व्हॅनिलिन टेस्ट केलीस?"

व्हॅनिलिन म्हणजे आइस्क्रीमच्या इसेन्समधलंच. ते अ‍ॅसिडमध्ये मिसळून टरफलावर टाकलं, की तिथला तुरट पदार्थ लाल होतो.

"केली. काहीच लाल होत नाही, सर."

सरांनी दाणा ट्रेमध्ये परत ठेवला. त्यांना कळलं होतं. बियाच्या टरफलातल्या पेशी रंगाचा कच्चा माल तयार करतात. तो आधी बिनरंगी असतो. प्रत्येक पेशीत पाण्याने भरलेली एक पिशवी असते, त्या पिशवीत हा माल साठवावा लागतो. पिशवीच्या पडद्यात त्याला आत घेणारी प्रथिनं असतात, दारांसारखी. दाणा वाळताना हा साठा टरफलात मुरतो आणि तांबूस तपकिरी होतो. पांढऱ्या चवळीत हे दारच बिघडलेलं. सरांनी बाहेरच्या लॅबकडून तसं तपासून घेतलं होतं. आम्ही त्याकडे फक्त रंग म्हणून बघत होतो. पण तोच तुरट साठा बुरशीला लांब ठेवतो आणि पाणी सावकाश आत सोडतो. तो नसला, तर ओल्या मातीत दाणा घटाघट पाणी पितो आणि फुटतो.

आम्ही दोघं प्लांट हेडकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मॅडम, कागदावरची टेस्ट?"

"पास आहे." ओल्या कागदाच्या गुंडाळीत दाणे ठेवून उगवण मोजतात, ती ही टेस्ट. त्या स्वच्छ कागदावर बुरशी नसते.

"नियमात तीच आहे ना? मग मातीचं कशाला काढता? खैरनार, तुमचं काय म्हणणं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "जादा ओल ओसरून वाफसा आल्यावर पेरलं तर अडचण येऊ नये," ते म्हणाले.

मी सही केली. रिपोर्ट खोटा नव्हता.

बियाणं आधी सिन्नरच्या पूर्वेकडच्या तीन-चार गावांतल्या बचत गटांना गेलं. ट्रेनिंगला मीच गेले होते. लाल आणि पांढरी मिसळू नये म्हणून लाल घरात ठेवू नका, असं मीच सांगितलं. आम्ही किलोला किलो बदलून दिली. त्यांची लाल चवळी डाळमिलला गेली.

पेरणी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून झड लागली. आठवडाभर ऊन नव्हतं. फोन आला तेव्हा मी पंचवटीत भाजी घेत होते. त्यातल्या एका गटाच्या प्रमुख सिंधूबाई बोलत होत्या.

"मॅडम, एक बी वर आलं नाय. उकरलं तर नुसता चिखल हाय."

"दुबार पेरणीला बियाणं पाठवतो, बाई."

"तेच पांढरं? नको. आमचं लाल द्या. ते कितीबी पाण्यात उगवायचं. माझ्या सासूनं आणलं होतं माहेरून."

मी लगेच सरांना फोन लावला.

सरांनी आणि मी स्टोअर उपसलं. लाल चवळीचं एकच जुनं सॅम्पल सापडलं, पुडीभर. सगळे दाणे लावले. चार उगवले. एक रोप पुढे मर रोग लागून गेलं. सरांनी त्या गावांत घरोघर फिरून विचारलं, कुणाकडे डब्याच्या तळाशी काही उरलंय का. उरलं नव्हतं.

"तू दाखवलं होतंस," परतताना गाडीत ते म्हणाले. "नऊ वर्षं घातली होती त्या वाणात, म्हणून बोललो नाही."

मी त्यांना धीर दिला नाही. मलाही कुणी देऊ नये, असं वाटत होतं.

ते रिटायर झाले. तीन रोपांचं मूठभर बी मी सिंधूबाईंना नेऊन दिलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं आणि म्हणाल्या, "एवढ्यात वाफाबी भरायचा नाय." शेत भरायला कितीतरी हंगाम लागतील. तोवर त्या मका करतात.

पांढरी चवळी कोरड्या भागात विकली जाते. तिथे ती चांगली येते. आमच्या रिपोर्टच्या फॉर्मवर मातीतल्या उगवणीला अजून रकाना नाही. मी तो आकडा खाली पेनाने लिहिते. कुणी वाचतं की नाही, माहीत नाही.