पहिला बरा होता

सव्वीस वर्षं गाडी शिकवूनही तिच्या हातून एकही अपघात झाला नव्हता. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर तळवा टेकवून ठेवायचा आणि तो घाबरायच्या आत गाडी थांबवायची, हे तिचं काम. शिकून गेलेली माणसं तिला पाठीमागे 'ब्रेकबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

धाकटा भाऊ तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. गाडी चालवायचा त्याला कंटाळा, पण गाड्यांच्या शर्यतीचा खेळ बनवायचं वेड डोक्यात शिरलेलं. नोकरी सोडून तो तिच्या घरातल्या मागच्या खोलीत राहायला आला आणि इस्त्रीच्या टेबलाला खेळण्यातलं स्टीअरिंग स्क्रूने आवळून बसला. संध्याकाळी ती कामावरून आली की चपला काढायच्या आत त्याची हाक यायची.

"ताई, जरा बसून बघ ना."

ती बसायची आणि नावं ठेवायची. "अरे, गाडी घसरते ते आधी हाताला कळतं. स्टीअरिंग एकदम हलकं होतं, जसं कुणी पलीकडून दोरी सोडली. डोळ्यांना कळतं ते नंतर. तुझं सगळं उलटं आहे."

तो लिहून घ्यायचा. एका सुट्टीच्या दिवशी तिने त्याला बंद गोदामाच्या आवारात नेलं आणि हँडब्रेक ओढून गाडी गरकन फिरवून दाखवली. मागच्या सीटवर बसलेल्या धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला, पण वहीतलं पेन काही थांबलं नाही.

दीड वर्षाने त्याचा 'वळण' नावाचा खेळ बाजारात आला. खेळणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. चित्रं साधीच होती, पण गाडी खरी वाटते, असं जो तो म्हणे. शेवटी बनवणाऱ्यांची नावं यायची, त्यात एक ओळ होती : 'गाडी कशी बोलते ते सांगणारी - आमची ताई.' ती ओळ तिने शेजारणीला, दुधवाल्याला, एकदा तर ब्रेक शिकवता शिकवता एका दंतवैद्यालाही सांगितली.

मग धाकट्याने ऑफिस थाटलं, हाताखाली चौदा माणसं आली, आणि दुसऱ्या भागाचं काम सुरू झालं. फोन कमी झाले. तिला वाटलं, कामात असेल. पण एका सकाळी चहा पिताना तिने पेपरात वाचलं, की 'वळण'च्या दुसऱ्या भागासाठी एक निवृत्त शर्यतपटू सल्लागार म्हणून घेतला आहे. शेजारी फोटो : धाकट्याचा हात त्याच्या खांद्यावर, दोघंही हसतायत. तिने पेपराची घडी केली आणि चहा तसाच सिंकमध्ये ओतला.

खेळ तयार होत आला तेव्हा त्याने तिला बोलावलं. ऑफिसात हलणारी खुर्ची, तीन पडदे, मागे कोंडाळं करून उभी असलेली पोरंपोरी. शर्यतपटूही होता. ओल्या रस्त्याची शर्यत लावली होती. पहिल्याच वळणाला तिची गाडी भिंगरीसारखी फिरली. दुसऱ्याला कठड्यावर. तिसऱ्याला पुन्हा. मागे कुणीतरी खुदकन हसलं. तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

ती खुर्चीतून उठली.

"कसा वाटला?" धाकट्याने विचारलं. त्याचा चेहरा परीक्षेचा निकाल बघायला आल्यासारखा होता.

"पहिला बरा होता."

"म्हणजे? कुठे चुकतंय?"

"टायरला पकडच नाही. रस्त्याला साबण फासलाय जणू. पहिल्यात गाडी होती, ह्यात नुसता दिमाख आहे."

शर्यतपटू शांतपणे म्हणाला, "बाई, अजून चार फेऱ्या मारून बघा. ह्याला वेळ द्यावा लागतो."

"मला गाडी कळते," ती म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

धाकट्याने तिचं ऐकलं. सगळ्यांचा विरोध पत्करून त्याने टायरची नवी घडण काढून टाकली आणि पहिल्या भागातली परत बसवली. शर्यतपटू सोडून गेला. खेळ चार महिने उशिरा आला आणि आपटला. 'नव्या कपड्यात जुनीच गाडी,' असं एकाने लिहिलं, मग सगळ्यांनीच तसं लिहिलं. वर्षभरात ऑफिसला टाळं लागलं. धाकटा एका लिफ्टच्या कारखान्यात प्रोग्रॅम लिहायला लागला. ती मात्र ज्याला त्याला सांगत राहिली, "मी तर तेव्हाच म्हटलं होतं."

पुढल्या वर्षी एका नर्सला शिकवताना गाडी उतारावर आली. पुढे पाण्याचा टँकर गळत गेलेला. नर्सने वळण वेगात घेतलं आणि गाडी सुटली. ब्रेकबाईने पायाने ब्रेक न दाबता स्टीअरिंग धरलं. ते हातात हलकं झालं, क्षणभर काहीच नाही, मग उशिरा, हिसका देऊन, पकड परत आली. गाडी सरळ झाली. नर्स रडायला लागली.

ब्रेकबाई मात्र स्वतःच्या हातांकडे बघत होती. हे तिने आधी अनुभवलं होतं. त्या हलणाऱ्या खुर्चीत, अगदी हेच, असंच. पहिला भाग चुका पोटात घालायचा, म्हणून ती वेगात घुसली होती. दुसऱ्याने ते चालवून घेतलं नव्हतं, एवढंच.

रविवारी तिने धाकट्याला बोलावलं. "तो दुसरा भाग, न बदललेला, आहे का रे तुझ्याकडे?"

तो हार्ड डिस्क घेऊन आला. कशाला, म्हणून विचारलंसुद्धा नाही. मागच्या खोलीत तिने खेळ लावला. दोनदा गाडी गरगरली. मग वळणाआधी वेग कमी केला, हात सैल सोडले, वाट बघितली. सहाव्या फेरीला गाडी पाण्यावरून अशी निघाली, की तिच्या अंगावर काटा आला. धाकटा पलंगावर बसून संत्रं सोलत होता.

"पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला होता रे हा."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"वाटत होतं."

"मग माझं का ऐकलंस, बाळा?"

"तुझं नाही तर कुणाचं ऐकणार, ताई?"

तिने स्टीअरिंगवरचे हात काढले. "मी चिडले होते. त्या माणसाला घेतलंस आणि मला साधं विचारलंही नाहीस, म्हणून. टायरबियर काही नव्हतं."

धाकट्याने संत्र्याच्या फोडीवरचा दोरा काढला. "तुला दमवायचं नव्हतं, म्हणून आधी बोलावलं नाही. दिवसभर राबून यायचीस आणि मी खेळायला बसवायचो." मग तो म्हणाला, "हे तेव्हाच बोलली असतीस, तर बरं झालं असतं."

"पुन्हा काढ ना. मी सांगते सगळ्यांना."

"नको. लिफ्ट बरी आहे. वर जाते, खाली येते. वळणच नाही."

तो हसला. ती हसू शकली नाही.

तरी तिने सांगितलंच. खेळणारे जिथे आपापसात गप्पा मारतात त्या पानावर एका बोटाने टाइप करून लिहिलं, की दुसरा भाग बनवणाऱ्याने बिघडवला नाही, त्याच्या बहिणीने बिघडवला, आणि मूळचा पहिल्यापेक्षा सरस होता. तीन दिवसांनी एकाने विचारलं, 'मग तो मूळचा कुठे मिळेल?'

तिने धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, "राहू दे, ताई." आणि तिच्या लेकीची परीक्षा कधी आहे ते विचारू लागला.

तिने तारीख सांगितली. मग तिने ते पान बंद केलं; त्या माणसाचा प्रश्न तसाच राहिला.