धारेचा हात

"ही गाठ आधी कुणी उघडली?"

कोल्हापूरच्या सर्जननी बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्याचा, रिपोर्ट खाली ठेवत विचारलं. सिनोव्हियल सार्कोमा. स्नायू, सांध्यांजवळच्या मऊ भागात होणारा दुर्मीळ कॅन्सर. माझ्या बायकोच्या, शालनच्या, उजव्या हातात, कोपराच्या खाली.

"गावातल्या डॉक्टरनं," शालन म्हणाली. "मुडदा बशिवला त्याचा! न बघताच कापलं."

मी नुसती मान डोलावली.

खरं ते आज लिहितो. त्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं, "गाठ खोल आहे. आधी एमआरआय करा." मीच म्हणालो, "धारा काढूनच ही गाठ आलीया. टाका की काढून!" आमची म्हैस व्यायला झाली होती, आणि शालनशिवाय दुसऱ्या हाताला ती पान्हा सोडत नाही. मला तो हात लवकर बरा हवा होता.

"घाईनं कापल्यामुळं पेशी आजूबाजूला पसरल्या असतील," सर्जन म्हणाले. "आता जुन्या टाक्यांसकट मोठा भाग आणि थोडं हाड काढावं लागेल. हात वाचेलच असं नाही."

ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर मी सही केली.

ऑपरेशननंतर ते बाहेर आले. "हात ठेवलाय. पण बोटं पहिल्यासारखी मिटणार नाहीत." पुढं रिपोर्टात मार्जिन क्लिअर आलं, म्हणजे कापलेल्या कडांना कॅन्सर नव्हता. तरी रेडिएशन घ्यायचंच होतं.

वॉर्डात शेजारणीपुढं शालन परत त्या डॉक्टरला शिव्या घालायला लागली. मला सोसवेना. म्हटलं, "त्यानं सांगितलंतं. मीच ऐकलं न्हाय."

ती बँडेजकडं बघत राहिली. "ठावं हाय. दवाखान्यात मधी पडदाच हुता की. आन् तुमचा आवाज काय बारीक हाय व्हय?"

रिपोर्टानं बसला नव्हता असा धक्का बसला. "मग त्याला कशाला शिव्या?"

"तुमी कवा बोलताय, त्ये बघायचं हुतं."

तुमच्या घरात कुणाला खोल, वाढणारी गाठ असेल, तर आधी तपासणी, मग सुरी. आणि डॉक्टर तुम्हाला एकट्यालाच आत बोलावतील, तेव्हा जिची गाठ आहे तिलाही सोबत न्या.

आता धार मी काढतो. म्हशीनं दोनदा दुधाची चरवी लाथाडली. शालन डावा हात तिच्या पाठीवर ठेवून उभी राहिली, तेव्हा कुठं पान्हा आला.

"गडबड करू नगासा," शालन म्हणाली.

मी हात सैल सोडला.