रंगनाथ काकांचा ओटीपी

गेल्या रविवारी धावड्याला गेलो होतो. अजून डोकं ठिकाणावर नाही...

मी भोकरदनचा. नोकरी सांभाळून मिरचीवाल्या शेतकऱ्यांचा एक ऑनलाइन चर्चा ग्रुप चालवतो. जुना सर्व्हर सारखा बंद पडायचा, म्हणून सगळं नव्या सर्व्हरवर हलवायला घेतलं. अट एकच... प्रत्येकाने मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. नाही टाकला, तर त्याच्या सगळ्या जुन्या पोस्टवरून नाव उडणार.

सगळ्यांनी टाकला. राहिले फक्त रंगनाथ काका!

रंगनाथ काका म्हणजे आमच्या ग्रुपचा जीव. मिरचीवर चुरडा-मुरडा रोग असो की फुलकिडे, काकांचं उत्तर आलं की विषय संपला. फोनवर मात्र ‘हां, हां, बराबर’ एवढंच बोलायचे. मला वाटायचं, जाणती माणसं कमीच बोलतात.

मुदत रविवारी संपत होती, म्हणून सकाळीच त्यांच्या गावी, धावड्याला गाडी काढली. काका ओसरीवर चहा पीत होते, काकू बाजूला लाल मिरचीचे देठ खुडत होत्या. म्हटलं, काका, तेवढा ओटीपी सांगा, तुमची एवढ्या वर्षांची उत्तरं वाचवायची आहेत.

“कशाची उत्तरं?” काका म्हणाले. “मला तर नंबर बी सेव्ह करता येत न्हाई.”

मी मोबाइल काढून त्यांच्याच नावाच्या पोस्ट दाखवल्या. काका बघतच राहिले. “तरीच! बाजारात लोकं मला फवारणी विचारून राह्यले. मी आपलं म्हणायचो, घरी जाऊन सांगतो...”

तेवढ्यात काकूंनी हात पदराला पुसले आणि काकांच्या बाजूला पडलेला घरातला एकुलता एक फोन उचलला. “ते लिहिणं माझं हाय,” म्हणाल्या. “मेसेज आल्ता, पण ओटीपी कोणाला सांगू नये म्हणतेत, म्हणून टाकला न्हाई.”

ज्यांना मी चार वर्षं ‘गुरुजी’ म्हणत होतो, ते गुरुजी माझ्यासमोर देठ खुडत बसले होते!

म्हटलं, काकू, मग स्वतःच्या नावाने का नाही लिहिलं?

“पहिल्यांदा लिहिलं की, कौसल्या नावानं. तुम्हीच काढून टाकलं. म्हणले, घरात शेती करणारं कोणी असंल तर त्यांना लिहू द्या. मंग तुम्ही म्हणले तसंच केलं.”

रागाने नाही म्हणाल्या... तेच जास्त लागलं. मला काहीच आठवत नव्हतं. मनात म्हटलं, दुसऱ्या कोणी केलं असेल.

घरी येऊन जुना डेटा उघडला. सापडली पोस्ट. फुलकिड्यांना पिवळे चिकट सापळे पुरत नाहीत, निळे लावा, असं कौसल्याबाईंनी लिहिलं होतं. खाली माझी ओळ होती: “ताई, हा शेतकऱ्यांचा ग्रुप आहे. घरात कोणी शेती करत असेल तर त्यांना लिहायला सांगा.” आणि पोस्ट लपवलेली.

पुढे दोनच महिन्यांनी हाच निळा सापळा ‘रंगनाथ काकांनी’ सांगितला होता. ती पोस्ट मी ग्रुपमध्ये सगळ्यात वर पिन केली होती आणि सोबत लिहिलं होतं, याला म्हणतात अनुभव!

लाज वाटली हो. साधीसुधी नाही.

निघताना विचारलंच होतं, नाव कोणाचं ठेवू? काकू पुन्हा देठ खुडायला लागल्या. काकाच म्हणाले, “हिचंच टाका. फुकट माझा उल्लू बनून राह्यला बाजारात.” काकू पहिल्यांदा हसल्या आणि मग ओटीपी सांगितला.

नवा सर्व्हर काल सुरू झाला. सगळी उत्तरं आता कौसल्या काकूंच्या नावावर आहेत, ती लपवलेली पोस्टसुद्धा. माझी ओळ उडवायला एक क्लिक पुरे होतं... नाही उडवली. त्याच ओळीखाली, सगळ्यांना दिसेल असं लिहिलंय.

काकू, शेतकरी तुम्हीच होता. मी चुकलो.