ज्यांचं सगळं आधीच ठरलेलं होतं

आमच्या सांगलीच्या घरमालकांइतका निर्धास्त माणूस सबंध दक्षिण महाराष्ट्रात सापडायचा नाही. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले हे सर चर्चच्या पंचांपैकी एक. जग घडवण्याआधीच देवानं सगळं नेमून ठेवलंय, अगदी कोण तरणार हेसुद्धा, यावर त्यांचा इतका विश्वास की मंडईत ते वांगी निवडत नसत. हात पडेल ते वांगं पिशवीत. निम्मी किडकी निघायची. "किडकं वांगंबी कुणाला तरी नेमलेलं असतंयच की," असं म्हणत ते शांतपणे कीड काढत बसायचे. एसटीची पाटी वाचणं हे तर त्यांच्या लेखी अविश्वासाचं लक्षण. एकदा साताऱ्याला निघालेले सर भलत्याच दिशेला, कवठे महांकाळला जाऊन उतरले. कंडक्टरनं सांगूनही वाटेत उतरले नाहीत. तिथं कुणा अनोळखी शेतकऱ्याकडे जेवले आणि परत येऊन मला म्हणाले, "तिथली भाकरी माझ्या नावाची हुती."

ज्यांचं नाव ते उठता-बसता घेत, ते कॅल्व्हिनसाहेब मिरजेचे कुणी जुने हेडमास्तर असावेत, असं मी पहिले सहा महिने समजत होतो. ते 'सगळं आधीच नेमलेलं' असं शिकवणारे, चार-पाचशे वर्षांपूर्वीचे युरोपातले धर्मपंडित निघाले. हे मला सांगितलं सरांच्या बालमित्रानं. साताऱ्याचे हे निवृत्त कंपाउंडर सरांसारखेच विधुर, सरांसारखेच श्रद्धाळू, आणि मतांनी सरांचे हाडवैरी. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते येत, मागच्या खोलीत उतरत, आणि रविवारची उपासना आटोपली की पडवीत दोघांची जुंपायची.

"हाक देव मारतो, गड्या," कंपाउंडर म्हणायचे, "पण ओ द्यायची का न्हाई, ते माणसाच्या हातात हाय."

"ओ बी तोच देववतो."

"मग माणूस घडवला कशाला? दगड काय वाईट हुता?"

आत वरण निवून जायचं. मी वरच्या मजल्यावरचा हिंदू भाडेकरू, म्हणून तटस्थ पंच. पण मी ज्याची बाजू घेई तोच जास्त चिडे. "तुला काय कळतंय?" म्हणून दोघं मिळून मला गप्प करायचे आणि पुन्हा एकमेकांवर तुटून पडायचे.

गेल्या वर्षी कंपाउंडर नेहमीच्या पिशवीऐवजी मोठी बॅग घेऊन आले. इंदूरची लेक कायमचं बोलावत होती, पण त्यांचा पाय निघत नव्हता. सरांनी त्याच आठवड्यात मागच्या खोलीला चुना मारून घेतला होता, नवी गादी आणली होती. मला वाटलं, आता सर विचारणार. जेवणं झाली, पानं उचलली. शेवटी कंपाउंडरांनीच विषय काढला.

"जाऊ का नको रं?"

"ठरलंय तसं हुईल."

"ते हुईलच. तू काय म्हणतोस?"

"माझ्या म्हणण्यानं काय हुतंय?"

कंपाउंडरांनी बॅग जवळ ओढली. मग "व्हय," एवढंच म्हणाले. सोमवारी इंदूरला गेले. आठ महिन्यांनी इंदूरहून लेकीचा फोन आला, बाबा गेले म्हणून.

तेव्हापासून सर मंडईत एकेक वांगं उलटंपालटं करून बघतात. भाजीवाली हसते. रविवारी ते पडवीत एकटेच बसलेले दिसतात आणि मला खाली जायचा धीर होत नाही. परवा मात्र त्यांनीच हाक मारली आणि मला कंपाउंडरांच्या खुर्चीत बसवलं.

"मी 'हितंच राहा' म्हणलं असतं," ते म्हणाले, "तर तो राहिला असता का रं?"

त्यांना धीर द्यावा म्हणून मी त्यांचंच शस्त्र उचललं. "नाही सर. ते आधीच ठरलेलं होतं."

सर एकदम भडकले. "गप बस! तुला काय कळतंय? असं कबूल करणारा हुता व्हय तो?" मग त्यांचा आवाज खाली आला. "भांड की जरा. त्याच्या बाजूनं भांड."

"हाक देव मारतो, सर..." मी सुरुवात केली. ते वाक्य सरांनीच पुरं केलं, अगदी कंपाउंडरांच्या ढंगात. 'ओ बी तोच देववतो' हे त्यावरचं आपलं नेहमीचं उत्तर मात्र त्यांनी दिलं नाही.