लाकडी बाईची टाच

पॉलिशवाल्याने चाळीस वर्षं लोकांची दारं-कपाटं गुळगुळीत केली आणि त्या नादात स्वतःचे गुडघे तेवढे खरखरीत करून घेतले. त्या दिवशीही कुणाच्या तरी जिन्याचा कठडा घासून त्याचे खांदे पार उतरले होते. पण धाकटी लेक प्रदर्शनाच्या हॉलमध्ये देखरेखीला लागली होती, आणि ‘एकदा या तरी’ म्हणून चार दिवस मागे लागली होती. गेला बिचारा.

सकाळीच तिने बजावलं होतं, "बाबा, कशालाही हात लावायचा नाही. माझा अजून महिना व्हायचाय. लोक हात लावतात आणि घरी आम्हाला पाठवतात. परवाच एकीला पाठवलं."

"मी काय लहान आहे?"

"लहान मुलं ऐकतात."

हॉलमध्ये रंगवलेली लाकडी माणसं होती, खऱ्या माणसांएवढी. शिंपी, पोस्टमन, आणि चपला काढून स्टुलावर टेकलेली एक बाई. अख्ख्या हॉलमध्ये बसायला मिळालेली ती एकटीच, म्हणून पॉलिशवाला तिच्यापाशीच रेंगाळला. टाचा अगदी घरच्यासारख्या, भेगाळलेल्या. त्यातल्या एका टाचेवर रंग किंचित फुगलेला वाटला. खाली भेग बुजवायला लांबी भरलेली असणार, आणि ती वाळायच्या आत वरून रंग मारलेला. पण हे डोळ्यांना ठरवता येत नाही. त्याने सवयीने डोळे मिटले आणि टाचेवरून बोटांची पाठ फिरवली.

"अहो आजोबा!"

आवाज धाकटीचा. डोळे उघडले तर तिच्यामागे तिचे साहेब, हातात वही. धाकटीचं तोंड एवढंसं झालेलं.

"पाटी दिसत नाही का? मागे व्हा आधी!"

पॉलिशवाला काय ते समजला. "चुकलं, ताई. म्हाताऱ्याचा हात, ऐकत नाही."

"ओळखीचे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"नाही, सर."

"असंच खडसावत जा," म्हणून साहेबांनी वही मिटली.

पॉलिशवाला बाहेर येऊन पायरीवर बसला. चपला काढल्या. हॉल बंद झाल्यावर धाकटी शेजारी येऊन टेकली. दिवसभर उभी होती, तिनेही चपला काढल्या.

"बाबा, रागावलात?"

"काका म्हटलं असतं तरी भागलं असतं. एकदम आजोबा?"

ती दमलेलं हसली. "डोळे मिटलेले बघूनच कळलं मला, काय तपासताय ते. बरं, होती का लांबी ओली?"

"ओलीच आहे. महिन्याभरात पापुद्रा सुटेल."

"मग साहेबांना सांगू?"

"तू कशी सांगणार?" पायाने चपला चाचपत तो म्हणाला. "हात लावल्याशिवाय कळत नाही ते."