सुई टोचली तेव्हा अक्का बोलली नाही

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर. परवाच्या साली, चैत्र वद्य द्वितीयेला, ऊन डोक्यावर यायच्या आधी, कसब्यातल्या तिच्या सासरच्या ओसरीवर. जातीची मोठी माणसं बसली होती, समोर वैद्य होता. त्यांनी तिच्या बोटाला सुई टोचली. ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्यावरून तिला महारोग झाला असं ठरलं, आणि तिच्या मांडीवरचं मूल काढून घेतलं. हे ऐकीव नाही. मी दाराशी उभा होतो.

मी तांबटाचा मुलगा, पण हातोडा मला कधी नीट धरता आला नाही. म्हणून वडील होते तेव्हाच त्यांनी मला चावडीजवळच्या एका लेखनिकाकडे चिकटवून दिलं. लोकांची गाऱ्हाणी लिहिता लिहिता हात तयार झाला. मग हौदाच्या पाण्यावरून, अडवलेल्या वाटेवरून, खोट्या मापांवरून मी आपणच कागद लिहून देवळांच्या भिंतींना लावू लागलो. कागदीपुऱ्यात फाटक्या कडांचे ताव मागितले की देतात. आळीत मला भिंतरंगव्या म्हणतात. म्हणोत. मात्र त्या कागदांत मी जेवढा धीट दिसतो तेवढा नाही, हे इथेच सांगून टाकतो. पुढे जे लिहितो आहे त्यातले बहुतेक दिवस मी घाबरलेला होतो, आणि अजून ती भीती पुरती गेलेली नाही.

अक्काच्या उजव्या हाताच्या बोटांवर पहिला डाग दिसला तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. तांबटांच्या बायका दिवसभर चिंच आणि राख घेऊन भांडी उजळतात; त्यांची बोटं सोलवटलेलीच असतात. चिंचेनं खाल्लं असेल, असं तिची सासूच म्हणाली. पण सोलवटलेली कातडी भरून येते. ही आली नाही. दुधासारखी पांढरी, गुळगुळीत, कडेला कुणी रेघ ओढावी तशी. मग डाव्या हाताला तसाच डाग. मग मानेवर. मग ओठाच्या कोपऱ्यात, आणि तिथे आला तेव्हा सासरचं घर हादरलं. हातावरचं पदराखाली झाकता येतं, ओठावरचं कुठे लपवणार?

एका शेजारणीने बिब्बा घालायला सांगितलं. बिब्ब्याचं तेल काढून मानेवरच्या डागाला लावलं. फोड आले, फुटले, लस वाहिली, आणि जखम भरली तेव्हा डाग होता त्याच्या दुप्पट झालेला. त्यानंतर आळीत महारोग हा शब्द फिरू लागला. तो कुणी मोठ्याने म्हणत नाही. पाणवठ्यावर बायका आपापल्या घागरी जराशा लांब सरकवतात. अक्का आईला म्हणाली, माझी घागर हल्ली एकटी असते.

आता त्या सकाळचं. आमच्यात सून सासऱ्यापुढे तोंड उघडत नाही. हो नाही, हं नाही, हुंदका तर नाहीच. पदर पुढे ओढून खाली बघायचं. अक्का नऊ वर्षांची असताना त्या घरात गेली आणि हे इतकं चोख शिकली, की सासरा पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा: एकदा कल्हईचा तापलेला थेंब हिच्या पायावर पडला, पण हिने हातातलं ताट वाढलं आणि मगच आत गेली. त्याच सासऱ्यासमोर तिला बसवलं आणि तिच्या पांढऱ्या बोटात सुई घातली.

वैद्यबुवा वाईट माणूस नव्हे. घाईत होता. महारोगात डागाची जाणीव मरते, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. त्याने टोचलं आणि विचारलं, दुखतं का बाई? अक्का खाली बघत राहिली. त्याने आणखी खोल टोचलं. रक्ताचा थेंब आला. कळतं का? अक्का खालीच. मला तिची पाठ दिसत होती, ती दगडासारखी ताठ होती. वैद्यबुवाने मंडळींकडे पाहिलं आणि मान हलवली.

मी दारातून म्हणालो, तिला आत नेऊन विचारा, बायकांत विचारा. सासऱ्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"तू जा बाबा. एखादी भिंत कोरी राहिली असेल."

मंडळी हसली. माझे भाऊजी तिथेच बसले होते. ते हसले नाहीत, पण बोललेही नाहीत. दीड वर्षाचं पोर सासूने उचललं तेव्हा त्याने आईचा पदर मुठीत धरला होता. मूठ सोडवावी लागली. रडला तो पोरगाच. अक्काच्या तोंडून तेव्हाही आवाज निघाला नाही.

बाहेर थांबलेली आई आणि मी तिला घेऊन निघालो. आमच्या आळीत दिवसा कधी शांतता नसते. दोघं बोलत असले तरी हातोड्यांवर आवाज चढवून बोलतात. त्या दिवशी आम्ही जसजसे पुढे गेलो तसतसे एकेका दुकानातले हातोडे थांबत गेले. मी पाय उचलून चालू लागलो. आईने माझं मनगट धरून मला हळू चालायला लावलं.

घरी आल्यावर आईने तिला विचारलं, दुखलं होतं का ग?

"जीव गेला."

"मग बोलली का नाहीस?"

अक्काने आईकडे असं पाहिलं, जणू आई खुळ्यासारखं काही विचारते आहे. "मामंजी समोर होते," ती म्हणाली.

मी ओरडलो, खूप ओरडलो. पण ओरडून झाल्यावर भीती आली. ती खरं बोलते आहे, की आमच्यासाठी बोलते आहे? सासरची माणसंही तेच म्हणत होती, की आता घाबरून सांगते. आईने माझ्यासमोर सुई ठेवली. म्हणाली, तूच बघ आणि मोकळा हो. मी सुई उचलली आणि परत ठेवली. तिला कळलं नाही तर? नदीपलीकडे, मसणवाटेच्या वरच्या अंगाला, घरातून काढलेल्यांच्या झोपड्या आहेत. लहानपणी मी तिथे भाकरीसाठी पुढे आलेले हात पाहिले होते. त्या हातांना बोटं नव्हती. अक्काला तिथे पोचवायला कुणाला जावं लागणार? मलाच. त्या दिवसांत मी रोज उजाडताच दारात उभा राहून माझीच बोटं तपासायचो. तिने वाढलेलं जेवायचो, पण भीत भीत.

शेवटी मला जे येतं तेच मी केलं. कागद लिहिला. त्यात नाव कुणाचं नव्हतं. सुनेची जीभ आधी बांधायची आणि मग ती बोलत नाही म्हणून तिला रोग ठरवायचा, हा कुठला वैद्यकाचा नियम, एवढंच विचारलं होतं. दुपारपर्यंत कुणीतरी तो फाडला. पण फाडण्याआधी वैद्यबुवाने वाचला असावा, कारण तो तडक आमच्या दारात आला.

"शिव्या देताना नाव तरी घालायचंस," तो म्हणाला. "निदान माझ्याकडे येणाऱ्या रोग्यांना कळलं असतं कुणाला टाळायचं ते."

मी त्याला बसवलं आणि माझ्या डोक्यात घोळत होतं ते सांगितलं. तिला बोलायला लावूच नका. डोळे बांधा. जिथे टोचल्यासारखं वाटेल तिथे तिने दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं. त्यात सासऱ्यापुढे तोंड उघडल्याचं पाप लागत नाही. वैद्यबुवाने डोळे मिटून स्वतःच्या बोटावर नख टोचून पाहिलं. मग म्हणाला, होईल. पण त्याच ओसरीवर, त्याच माणसांसमोर. नाहीतर म्हणतील घरच्या घरी उरकलं.

वैद्यबुवाने मंडळी पुन्हा जमवली. त्या दिवशी मी दाराशी उभा राहू शकलो नाही. जोत्यावर बसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. आईने अक्काच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. वैद्यबुवाने या खेपेला घाई केली नाही. बोटाच्या डागाला सुई लावली, अक्काचं दुसरं बोट नेमकं तिथे गेलं. मानेला लावली, तिथे गेलं. मग त्याने सुई ठेवून कापसाची वात घेतली आणि ओठाच्या कोपऱ्याला नुसती टेकवली. अक्काचा हात उठला आणि ओठाच्या त्याच कोपऱ्यावर टेकला. मग वैद्यबुवाने काहीच केलं नाही, नुसता बसून राहिला. अक्काही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. ती अंदाजाने बोट ठेवत नव्हती, हे सगळ्यांना दिसलं.

"हा महारोग नव्हे," वैद्यबुवा म्हणाला. "पांढरं कोड आहे. कातडीचा रंग गेला, बाकी सगळं जिथल्या तिथे आहे. हे कुणाला लागत नाही. परवा माझी चूक झाली."

मला वाटलं, झालं, सुटलो. मी उठलोसुद्धा. सासऱ्याने पागोटं सारखं केलं आणि तोही उठला.

"डाग आहे ना? मग डाग गेला की आणून सोडा," तो म्हणाला. "पोर इथे सुखात आहे."

औषध सुरू झालं ते त्या अटीवर. वैद्यबुवाने गोडगोड काही सांगितलं नाही. बावचीचं बी भिजवून, वाटून डागावर लेप द्यायचा आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडा वेळ बसायचं. कातडी जराशी लाल झाली की सावलीत यायचं. पोटात खैराच्या सालीचा काढा. आंबट आणि फार खारट बंद. महिनोन्‌महिने लागतील. मानेवरचं लवकर ऐकतं, बोटांच्या टोकांचं आणि ओठांचं फार उशिरा ऐकतं, किंवा ऐकतच नाही. कुणाकुणाला औषध चालू असताना नवे डागही येतात. गेरूने झाकता येईल, पण ते झाकणंच. गोंदून घेऊ का, असं अक्काने आईकरवी विचारलं, तर तो म्हणाला, नको. सुईच्या प्रत्येक जखमेवर नवा डाग यायची धास्ती. आणि बिब्ब्याचं नाव काढलंत तर मी या घराची पायरी चढणार नाही.

दुकानातली बावची त्याला जुनी वाटली, म्हणून मी बिबवेवाडीच्या अंगाला शेतांच्या बांधांवर ताजी शोधायला गेलो. एका बाईने बांध दाखवला. "तण हाय त्ये, न्या की उपटून. गुरं बी तोंड लावत न्हाईत," ती म्हणाली आणि कशाला हवं ते विचारलंच नाही. मला तिचे आभार मानावेसे वाटले ते त्यासाठीच.

अक्काला घाई होती. सावलीत ये म्हटलं की ती हो म्हणायची आणि तशीच बसून राहायची. एका सकाळी आई नदीवर, मी चावडीवर. परत आलो तर तिच्या मानेवर, बोटांवर पाण्याने भरलेले फोड टरारलेले. मला बिब्ब्याचे दिवस आठवले. आता हेही दुप्पट होणार. मी धावत वैद्यबुवाला आणलं. त्याने एकदा तिच्याकडे, एकदा आमच्याकडे पाहिलं.

"काय हो, चुलीवर बसवली होती काय हिला?"

अक्का भिंतीकडे तोंड करून म्हणाली, लवकर गेलं तर लवकर जाता येईल. त्यावर त्याने पुढे काही खोचक म्हटलं नाही. लोणी लावायला सांगितलं आणि फोड बसेपर्यंत लेप बंद केला. ते दिवस मी कसे काढले ते लिहिण्यासारखं नाही.

फोड बसले. डाग वाढला नाही. पाऊस सरल्यावर आईला अक्काच्या मानेवर पांढऱ्यात बारीक तपकिरी ठिपके दिसले, केसाच्या मुळाशी एकेक, तीळ सांडावेत तसे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते एकमेकांना मिळाले. आज मान जवळजवळ भरली आहे. ओठाचा कोपरा अर्धा. बोटं मात्र त्या चैत्रात होती तशीच आहेत, आणि वैद्यबुवाने सांगून टाकलं आहे की बोटांच्या टोकांची आशा धरू नका. मी हे सासऱ्याला जाऊन सांगितलं. त्याचं उत्तर: मग औषध अपुरं आहे, चालू ठेवा. बोटं कधी भरणार नाहीत हे त्याला कळतं. कळतं म्हणूनच तो ती अट सोडत नाही.

अक्काचा मुलगा आता चौथ्या वर्षात आहे. आजीला आई म्हणतो. मागच्या महिन्यात तो आळीत एकटा खेळताना दिसला, तेव्हा अक्काने त्याच्या ओंजळीत बोरं दिली. त्याने घेतली, एक तोंडातही टाकलं. मग तिच्या हाताकडे बघून विचारलं, तुझी बोटं अशी का? अक्का सांगणार तोच आजी आली, बोरं गटारात टाकली आणि मुलाचे हात राखेने घासून धुतले. तो घाबरून रडायला लागला. कशाला घाबरला? आपल्या आईच्या हाताला. हा आणखी एक-दोन वर्षं असाच वाढला, तर पुढे कुणी पाठवला तरी तो तिच्याजवळ यायचा नाही. मला आता रात्रंदिवस भीती आहे ती याची, आणि ही भीती घालवणारा लेप कुठल्या वैद्याकडे नाही.

देवळाच्या भिंतीवर हा कागद वाचणाऱ्या तुमच्याकडे मात्र उपाय आहे. तुम्ही कसब्यात राहता, ते दार तुम्हांला ठाऊक आहे, तुमच्या घरात पाणी भरून ठेवलेली घागर बहुधा त्याच ओसरीवर घडली आहे. उद्या सकाळी तिथे जा. बसा म्हणतील, बसू नका. पोराला त्याच्या आईकडे पाठवा, एवढं सासऱ्याच्या तोंडावर म्हणा, आणि तो पोराला बाहेर आणेपर्यंत तिथून हलू नका.